आभाराच्या दोन रिक्षा

रत्नागिरीत मला तोंडावरून ओळखणारी माणसं थोडी आणि आवाजावरून ओळखणारी पुष्कळ. बाजारात "कोथिंबीर कशी दिलीत?" एवढं विचारलं तरी शेजारची बाई मान वळवून म्हणायची, "तुम्ही रिक्षातल्या ना?" खरं तर मी रिक्षात कधी बसलेच नव्हते, माझी कॅसेट बसायची. नव्याण्णव सालच्या निवडणुकीत ती मिरकरवाड्यापासून हातखंब्यापर्यंत फिरली. नवऱ्याला याचं भारी कौतुक. म्हणायचा, "बाहेर ओरडतेस ते बरं आहे. घरात तेवढीच शांतता."

गाडीतळाजवळ माझं एसटीडी बूथ होतं. काचेच्या दोन केबिन, एक टेबल, एक पंखा. दर शुक्रवारी दुपारी आखातातल्या मुलांचे फोन यायचे आणि त्यांच्या आया बाहेरच्या बाकावर रांगेने बसून राहायच्या. समोरच्या माडीवर आमच्या पक्षाचं ऑफिस. तिथे खुर्च्या होत्या, झेंडे होते, फोन मात्र नव्हता. त्यामुळे मुंबईचे आणि दिल्लीचे निरोप माझ्या टेबलावर यायचे. पक्ष लहान होता. मी त्यात का होते असं आजही लोक विचारतात. तो लहान होता, पण ताठ होता, म्हणून होते. कोणाच्या दारात उभा राहत नाही, याचा मला अभिमान होता.

त्या निवडणुकीत आमच्या किनाऱ्यावर एकच विषय होता. मोठे ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन मासळी ओरबाडत होते आणि जाताना छोट्या होड्यांची जाळी फाडून नेत होते. ट्रॉलर कोणाचे, बर्फाचे कारखाने कोणाचे, आणि ती माणसं कोणत्या मोठ्या पक्षाच्या व्यासपीठावर बसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या जिल्हाध्यक्षांनी ठरवलं की आपण हे उघड बोलायचं. ते हापूसचे बागायतदार, कडक इस्त्रीचे, दर दोन वाक्यांमागे "तत्त्वतः" म्हणणारे. वाईट माणूस नव्हे. माझा आवाज खणखणीत म्हणून कॅसेटसाठी त्यांनी मलाच धरलं.

कॅसेट भरली माझ्याच केबिनमध्ये, कारण सबंध गाडीतळावर तेवढी शांत जागा दुसरी नव्हती. पंख्याची घरघर आत येते म्हणून पंखा बंद केला. घामाने निथळत मी वाचलं, "ज्यांच्या ट्रॉलरनी तुमची जाळी फाडली, त्यांच्या मांडीला मांडी लावून आमचा पक्ष कोणत्याही सरकारात बसणार नाही." अध्यक्षांनी लिहून दिलेलं तेवढंच होतं. पुढचं आपसूक तोंडातून निघालं, "हा आमचा शब्द आहे." मला वाटलं, अध्यक्ष पुन्हा भरायला सांगतील. पण बाहेर येऊन कॅसेट ऐकवली तर ते म्हणाले, "वा! हे असंच ठेवा. तत्त्वतः हेच आपलं म्हणणं आहे."

आता खालाबद्दल सांगायला हवं. खाला म्हणजे मावशी, सगळा बाजार तिला तशीच हाक मारायचा. मासळीबाजारात पायऱ्यांजवळ तिची जागा. नवरा वारलेला, मुलगा कुवेतला, घरची छोटी होडी दीर चालवायचा. शुक्रवारच्या बाकावरची आमची ओळख. सकाळी बूथ उघडण्याआधी मी बाजारात जायची, आणि ती मासळीची पाटी उतरवून माझी वाट बघत बसायची. दिवसाच्या पहिल्या विक्रीला मी भवानी म्हणायची, ती बोनी म्हणायची. अर्थ एकच. पहिला पैसा ज्याच्या हातचा, तसा दिवस जातो. माझ्या हातची बोनी तिला लाभते असा तिचा ठाम विश्वास होता. मी नोट दिली की ती कपाळाला लावायची, पाटीवरून ओवाळायची आणि मगच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायची. कधीकधी मला मासे नको असायचे, तरी मी मांदेलीचा एखादा वाटा घ्यायची. तिचा दिवस माझ्यामुळे अडायला नको, आणि खरं सांगायचं तर त्यात माझीही ऐट होती.

प्रचार चालू असताना एका सकाळी तिने माझा हात धरला. "बाय, तुजा आवाज आमच्या मोहल्ल्यात पोरांनी पाट केलाय. मी सगळ्या बायांना सांगून ठेवलंय, ह्या खेपेला मत हिच्या पक्षाला. आमी आजपर्यंत भाऊबंद सांगतील तिकडं मत दिलं. पयल्यांदा माज्या सांगण्यावरनं देतायत. नक्की ना गो?"

मी म्हटलं, "नक्की."

"त्या ट्रॉलरवाल्यांच्या संगती नाय जाणार?"

"नाही जाणार खाला. शब्द दिलाय."

तिने हात सोडला आणि बांगडे रचायला लागली. माझ्या लेखी विषय तिथेच संपला. दिलेला शब्द पाळायचा असतो, यात बोलण्यासारखं काय आहे?

निकाल लागला. आमचा उमेदवार पडला. अनामत वाचली, ती किनाऱ्यावरच्या मतांनी. राज्यात आमचे मूठभर आमदार आले, पण बहुमत कोणालाच नाही म्हटल्यावर त्या मूठभरांना सोन्याचा भाव आला, आणि माझ्या बूथमधला फोन गुरगुरायला लागला.

पहिला फोन मुंबईच्या सरचिटणिसांचा. "आपण विरोधात बसणार. तत्त्वाचा प्रश्न आहे. कार्यकर्त्यांना कळवा." मी माडीवर जाऊन कळवलं, टाळ्या पडल्या. मी खाली उतरते तोच दिल्लीचा फोन. "आपण दरवाजे बंद केलेले नाहीत, एवढं लक्षात असू द्या." पुन्हा माडी चढले. या वेळी टाळ्या नाहीत, नुसत्या माना हलल्या. संध्याकाळी मुंबईहून तिसऱ्याच कोणा नेत्याचा आवाज, "बाहेरून पाठिंबा द्यायचा विचार आहे. म्हणजे सरकारात नाही, पण सरकार आपल्यामुळे."

मी विचारलं, "साहेब, इथे लोक मला विचारतायत. त्यांना काय सांगू?"

"सध्या आधीचंच सांगा. फक्त त्यावर जोर देऊ नका."

"कॅसेटमधला जोर कसा कमी करतात? आवाज बारीक करू का भोंग्याचा?"

त्यांनी फोन ठेवला. मी अध्यक्षांना विचारलं, हे चाललंय काय? ते म्हणाले, "ही रणनीती असते. वरच्यांनी वेगवेगळं बोलायचं, म्हणजे समोरच्याला अंदाज येत नाही." मी म्हटलं, "समोरच्याचं जाऊ दे, मला तरी अंदाज येतोय का?" ते हसले. मला अजिबात हसू आलं नाही. मोहल्ल्यातल्या बायका रणनीतीला मत देऊन आल्या नव्हत्या.

आमच्याकडे निवडणूक झाली की आभाराची रिक्षा फिरते. जिंकलेला फिरवतो आणि पडलेलाही फिरवतो. पडलेल्याने नाही फिरवली तर लोक म्हणतात, मतं मागायला तोंड होतं, आता कुठे गेलं? दुसऱ्या दिवशी सकाळी सरचिटणिसांचा पुन्हा फोन आला, "ठरलं. विरोधात." अध्यक्ष खूश, मी त्यांच्याहून खूश. मी केबिनमध्ये जाऊन आभाराची चार वाक्यं भरली, त्यांना प्रचारातला तोच शब्द जोडला, आणि रिक्षा भोंगे लावून निघाली. आधी हातखंबा, वाटेतल्या वाड्या, आणि परत येताना शहर, असा बेत होता.

रिक्षा हातखंब्याच्या वाटेवर असताना दुपारी फोन वाजला. तेच सरचिटणीस, फक्त आवाज वेगळा. लगीनघरातून बोलतोय असा. "सरकारात सामील होतोय. राज्यमंत्रिपद मिळतंय. लोकांना आनंदाने सांगा."

तेव्हा मोबाइल कुठले आले? गेलेली रिक्षा परत बोलावायची तर माणूस पाठवायला हवा, आणि पाठवलेला माणूस तिला कुठल्या वाडीत शोधणार? अध्यक्ष खाली आले. मी भांडले. म्हटलं, सकाळी काय सांगितलंत, आता काय सांगता? ते म्हणाले, "बाई, राजकारणात पूर्णविराम नसतात, स्वल्पविराम असतात." आणि माझ्यासमोरून माझ्याच केबिनमध्ये शिरले, दार लावलं, पंखा बंद केला आणि स्वतःच्या आवाजात नवी कॅसेट भरायला बसले. मी बाहेर उभी. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. माझी केबिन, माझी वीज, आणि माझाच शब्द ते आत बसून पुसत होते. इतका संताप मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल.

त्यांची कॅसेट घेऊन दुसरी रिक्षा निघाली. पुढचं राम आळीत घडलं. राम आळी म्हणजे दोन्ही बाजूंना दुकानं आणि मध्ये एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. भोंग्यांचा गलका बूथपर्यंत आला म्हणून मी धावत गेले. हातखंब्याहून परतलेली माझी रिक्षा एका बाजूने आली होती, अध्यक्षांची दुसऱ्या बाजूने, आणि मधोमध दोघी नाकाला नाक लावून उभ्या. एका भोंग्यातून मी सांगतेय, त्यांच्या मांडीला मांडी लावून आमचा पक्ष बसणार नाही. दुसऱ्यातून अध्यक्ष सांगतायत, राज्याच्या स्थैर्यासाठी आपला पक्ष सरकारात सहभागी होत आहे. दोन्ही रिक्षांवर झेंडा एकच.

"मागं घे," अध्यक्षांचा रिक्षावाला ओरडला.

"मी का घेऊ? मी सकाळपासून ह्येच सांगत फिरतोय. तू कदी निगालास?"

"माजी ताजी हाय!"

कापडवाला दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "अरे, आधी तुमचं काय ते ठरवा, मग आमचे आभार माना." सगळी आळी हसली. जत्रेला आल्यासारखी माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून मजा बघत होती. शेवटी माझ्या रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेतली. आळीच्या टोकापर्यंत ती उलटी गेली आणि कॅसेट बंद करायचं त्याला सुचलंच नाही. हा आमचा शब्द आहे, हा आमचा शब्द आहे, असं म्हणत माझा आवाज मागे मागे जात राहिला. लोक हसून हसून वाकले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लाजेचं नव्हतं, रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. खालाने पाटी उतरवलेली होती. ताजे बांगडे होते. मी नेहमीसारखी नोट पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"आज तुजी बोनी नको."

बाजूच्या बायका मासे निवडायचं सोडून बघत होत्या. खाला माझ्याकडे न बघता बोलली, "मोहल्ल्यात माज्याकडं बोट दाखवतायत. पयल्यांदा माजं ऐकलं बायांनी, आनि तोंडघशी मी पडलंय. मासे पायजेत तर मागनं ये. पयला पैसा तुज्या हातचा नको."

ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. बोनी नाकारणं म्हणजे माझा हात अपशकुनी ठरवणं. मी नोट मुठीत घेऊन बूथपर्यंत कशी आले, मला आठवत नाही.

आणि बूथवर अध्यक्ष बसलेले! हातात कोरी कॅसेट. म्हणाले, "गोंधळ झालाय. माझ्या आवाजाने काम होत नाही, लोक तुमच्या आवाजावर विश्वास ठेवतात. तुम्ही दोन मिनिटांत भरून द्या, की सरकारात राहूनच ट्रॉलरचा प्रश्न सोडवता येईल."

मी विचारलं, "ट्रॉलरवाल्यांच्या शेजारी बसून?"

"तत्त्वतः शेजारी. मनाने नाही."

"मग मनाने काय ते तुम्ही बोला. माझा आवाज भाड्याचा भोंगा नाही. पक्षाला दिला होता, शब्द होता म्हणून. शब्द तुम्ही घेऊन गेलात, आवाज मी ठेवून घेतला."

ते म्हणाले, पक्षशिस्त म्हणून काही असतं. मी म्हटलं, असतं ना, काल राम आळीत बघितली. ते कोरी कॅसेट खिशात घालून माडी चढून गेले.

माझा रिक्षावाला समोरच उभा होता. भोंगे अजून उतरवलेले नव्हते. मी त्याला विचारलं, "माईक चालतो का?" तो म्हणाला, "बॅटरी हाय वैनी." मी बूथला कुलूप घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रिक्षात बसले. सरळ मासळीबाजाराच्या पायऱ्यांपाशी नेली. भाषण लिहिलेलं नव्हतं, आणि लिहून देणाराही आता कोणी उरला नव्हता.

"मी कॅसेटमधली बाई बोलतेय," मी म्हटलं. "आज कॅसेट नाही. माझ्या पक्षाने तुम्हाला शब्द दिला होता, तो माझ्या तोंडून दिला. पक्ष काल सरकारात गेला. मी गेलेली नाही. पक्षाने टाकलेला शब्द मी उचलतेय. ट्रॉलरच्या विरुद्ध तुम्ही जिथे जाल तिथे मी येईन, आणि समोर माझा पक्ष बसलेला असेल तर त्याच्यासमोरही हेच बोलेन. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या."

कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. खाला सुरी चालवत होती. मी खाली उतरले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बोलतंस चांगलं. ते म्हायतच होतं आमाला. आता बगू."

महिन्याभरात मला पक्षाची नोटीस आली. पक्षविरोधी वर्तनाबद्दल खुलासा करा. मी पोस्टकार्डावर एक ओळ लिहून पाठवली, "माझी कॅसेट ऐका." त्यांनी मला काढून टाकलं. फोनचे निरोप बंद झाले. माडीवरून येणारी गिऱ्हाइकं तुटली, काही जण तर दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या बूथवर जायला लागले. नवरा म्हणाला, "पक्ष गेला, धंदा गेला. आता आवाज तेवढा जपून वापर." पण मत्स्य खात्याच्या कचेरीवर पहिला मोर्चा निघाला तेव्हा माझ्यासाठी खडीसाखरेची पुडी त्यानेच आणली.

मोर्चे पुष्कळ झाले. ट्रॉलर थांबले का? थांबले नाहीत. कधी महिनाभर लांब राहायचे, कधी पुन्हा आत यायचे. इकडे आमच्या जुन्या पक्षाचं दुहेरी बोलणं चालूच होतं. मुंबईत म्हणायचे सरकार भक्कम, रत्नागिरीत म्हणायचे या धोरणाशी आम्ही सहमत नाही. एकदा त्यांचे राज्यमंत्री विश्रामगृहावर उतरले होते. आम्ही मोर्चा नेला. ते निवेदन घ्यायला बाहेर आले आणि माईक हातात घेऊन आमच्याबरोबर घोषणा द्यायला लागले. ट्रॉलर हटलेच पाहिजेत! खालाने माझ्या दंडाला धरून विचारलं, "गो बाय, ह्यो मागतंय कोणाकडं? द्यायचं कोणी?" मोर्चात असे हसलो आम्ही की घोषणा विसरलो.

या सगळ्या वर्षांत खाला माझ्याशी बोलायची, शुक्रवारी बाकावर बसायची, मोर्चात माझ्या पुढे चालायची. मासेही द्यायची. पण बोनी घेतली नाही. मी सकाळी गेले की म्हणायची, "जरा दम खा, एखादं गिऱ्हाइक होऊ दे." मी दम खायची. तिचा हट्ट मोठा होता आणि माझाही लहान नव्हता. मी एक दिवसही जायची थांबले नाही आणि एकदाही विचारलं नाही की आता तरी घेशील का.

पुढची विधानसभा आली. आता अध्यक्ष एका महामंडळावर होते, अंगाने भरले होते. बूथवर यायचा त्यांना संकोच वाटला असावा, म्हणून त्यांनी मला बाजारात गाठलं, भल्या सकाळी, बायकांसमोर. म्हणाले, "झालं गेलं विसरू या. यंदा आपण एकटे लढतोय. तुमचा आवाज हवा. वाक्यही तेच ठेवू तुमचं, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही. अगदी तुमच्या मनासारखं."

"आणि निकालानंतर?"

ते म्हणाले, "ते त्या वेळची परिस्थिती बघून. तत्त्वतः—"

"मग परिस्थितीचाच आवाज भरून घ्या," मी म्हटलं. "माझा तुम्हाला मिळायचा नाही. शब्द म्हणून ही वाक्यं मी बोलले होते, ती मला अजून बांधून आहेत. तुमच्यासाठी ती कधीच संपली."

अध्यक्षांचे कान लाल झाले. काहीतरी करायला हवं म्हणून ते खालाकडे वळले. तिच्या पाटीत मधोमध मोठी सुरमई होती. "ही द्या," ते म्हणाले, आणि भाव न विचारता पाचशेची नोट पुढे केली.

खालाने नोटेकडे बघितलं, हात काही पुढे केला नाही.

"जरा थांबा सायब. बोनी व्हायचीय माजी."

मग तिने माझ्याकडे बघून मांदेलीचा एक वाटा पुढे सरकवला. "दे गो बाय. तुजे दे."

माझ्या पाकिटात दहाची एक मळकी नोट होती. तिने ती घेतली, कपाळाला लावली, पाटीवरून ओवाळली. अध्यक्ष पाचशेची नोट धरून उभे होते. सुरमई त्यांना त्यानंतर मिळाली, आणि भावात एक पैसा सूट मिळाली नाही.